पाचच्या भोंग्यावरचं गाणं

इसोहामा गावात तेहतीस वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता चिगुसा नोनोमुराचं गाणं वाजत होतं, आणि ते कुणीही ऐकत नव्हतं.

खांबांवरच्या भोंग्यांतून अडतीस सेकंदांची ती सुरावट सुटली की उमेनोमावशी भात लावायची, टोफूवाला हिगाकी फळी लावायला घ्यायचा, सार्वजनिक न्हाणीघरातले म्हातारे गरम पाण्यातून लालबुंद होऊन बाहेर यायचे आणि धक्क्यावर खेळणारी पोरं दप्तरं उचलायची. पण ही सुरावट म्हणजे एक गाणं आहे, त्याला शब्द आहेत, ते कुणीतरी एकेकाळी गायलं होतं आणि ती बाई अजून जिवंत असून कोपऱ्यावर टोफू घेत उभी आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसायचं. चिगुसा स्वतःच सांगायची, "अख्ख्या जपानात माझ्याइतकं नेमानं वाजणारं गाणं कुणाचं नसेल. आणि इतक्या नेमानं न ऐकलं जाणारंही." ऐकणारा हसायचा. तीही हसायची. हसून झालं की विषय संपायचा, आणि तिला तेच हवं असायचं.

तिची कारकीर्द सुरू झाली ती पंधराव्या वर्षी, बंदरावरच्या उन्हाळी जत्रेतल्या गाण्याच्या स्पर्धेत. पहिलं बक्षीस म्हणून संत्र्यांच्या चार पेट्या मिळाल्या आणि तोकियोहून आलेल्या एका गृहस्थाचं कार्ड मिळालं. संत्र्यांचं अप्रूप गावात कुणाला असणार, डोंगरभर तीच लागलेली; म्हणून तिनं कार्ड ठेवून घेतलं. पुढे आयुष्यभर ती म्हणायची, की तेव्हा उलटं करायला हवं होतं.

तोकियोच्या गृहस्थानं सगळ्यात आधी तिचं नाव काढून घेतलं. नोनोमुरा, म्हणजे शेतामधलं खेडं, म्हटलं की म्हणे चिखलाचा वास येतो. ती मारी हायासे झाली. मग तिला तीन फ्रॉक, एक नाचाचे मास्तर आणि एक गाणं मिळालं: 'संध्याकाळची होडी'. गाण्याच्या तिसऱ्या ओळीत एक वरचा सूर होता आणि तो लावताना चिगुसा दर वेळी किंचित खाली उतरायची. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी एकेचाळीस वेळा गाऊन झालं, एकेचाळीस वेळा ती उतरली. शेवटी संगीतकार डोळे मिटून म्हणाले, "राहू दे तसंच. लोकांना वाटेल भावना आहे."

लोकांना तसं काही वाटलं नाही. गाणं एक आठवडा लोकप्रिय गाण्यांच्या यादीत त्र्याण्णवाव्या जागेवर होतं. पुढच्या आठवड्यात तिनं यादी उघडली तर त्या जागी दात घासायचं एक बालगीत होतं. त्यानंतर मारी हायासे बाजाराच्या गच्चीवर गायली, नव्या दुकानांच्या उद्घाटनाला गायली, बिअरच्या उलट्या क्रेटवर उभी राहून पावसात गायली. गाणं झालं की चाहत्यांशी हात मिळवायचा कार्यक्रम असे. एका किराणा दुकानात चौघे रांगेत उभे होते, त्यातले तिघे स्वस्त अंड्यांसाठी आलेले. त्यांनी संकोचून हात मिळवले आणि अंडी कुठे आहेत ते विचारलं. तिनं सांगितलं. नंतर ती अभिमानानं म्हणायची, "आणि बरोबर सांगितलं बरं का! पाच वर्षांत माझ्या हातून लोकांचं झालेलं तेवढंच भलं."

पाचव्या वर्षाच्या शेवटी गाण्याच्या कंपनीच्या मालकांनी तिला कचेरीत बोलावून खोक्यातलं एक खरबूज दिलं. त्या कचेरीत खरबूज आजाऱ्याला द्यायचे नाहीतर सोडून जाणाऱ्याला. चिगुसाला सर्दीसुद्धा झालेली नव्हती.

इकडे गावात तिच्या नावाचं एक चाहता मंडळ होतं आणि सरपंच त्याचे अध्यक्ष. त्यांनी मोठ्या उमेदीनं तीनशे तबकड्या मागवून ठेवल्या होत्या. गेल्या कशाबशा चाळीस. उरलेल्यांचं काय झालं हे गावातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात गेलं की कळतं, कारण लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ती तबकडी इतकी नेमकी बसते, की वाटावं तेवढ्याचसाठी काढली असेल. सरपंचांना मात्र त्याचं फार वाईट वाटलं. पुढल्याच वर्षी वादळाच्या सूचना देण्यासाठी गावभर भोंगे बसले, तेव्हा त्यांनी रोज पाच वाजता वाजवायला म्हणून चिगुसाच्या गाण्याची चाल भरून घेतली. शब्द नाहीत, नुसती चाल. यंत्रानं वाजवलेली असल्यामुळे तिसऱ्या ओळीतही बिनचूक.

चिगुसानं मग संगीत शिक्षिकेचं शिक्षण घेतलं आणि सव्विसाव्या वर्षी गावच्याच शाळेत लागली. पहिल्या दिवशी उपमुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "नोनोमुराबाई पूर्वी प्रसिद्ध होत्या." मागच्या बाकावरून एका मुलीनं काळजीनं विचारलं, "मग काय झालं, बाई?"

ती एकवीस वर्षं शिकवत होती. चांगली शिकवायची. पोरांचा सूर उतरला तर सोडायची नाही, दहा दहा वेळा म्हणून घ्यायची. कुणी तिच्या गाण्याचा विषय काढला, शिक्षकांच्या वर्षअखेरच्या पार्टीत आग्रह झाला, की तिचं उत्तर तयार असायचं, "नको, बंदरातले मासे गाव सोडून जातील." सगळे हसायचे. दुसऱ्यानं हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, ही युक्ती ती बिअरच्या क्रेटवर शिकली होती आणि त्यात ती आता पट्टीची झाली होती. ते गाणं तिनं तोकियो सोडल्यापासून एकदाही म्हटलं नव्हतं.

पण पाच वाजले की ती वर्गाची खिडकी उघडायची. पोरांना सांगायची, हवा येऊ दे. गावात मोजकीच पोरं उरली म्हणून शाळा बंद झाली, तेव्हा ती घरी शिकवण्या घेऊ लागली आणि बायकांचं गायनमंडळ चालवू लागली, आणि पाचला पाच मिनिटं कमी असताना रोज टोफू आणायला जाऊ लागली. हिगाकीच्या दुकानासमोरच्या खांबावरचा भोंगा गावात सगळ्यात स्वच्छ वाजायचा. एकटी बाई एवढा टोफू खात नाही. हिगाकीनं कधी विचारलं नाही. त्याची कुत्री किनाको तेवढी भोंगा लागला की मान वर करून साथीला रडायची, आणि तिसऱ्या ओळीत न चुकता खाली उतरायची. चिगुसा मनात म्हणायची, निदान एक तरी शिष्या माझ्या वळणावर गेली.

खरं सांगायचं तर तिच्या दिवसात ते अडतीस सेकंद तिला सगळ्यात प्रिय होते. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका दुपारी गावकचेरीतला कुरामोची तिच्याकडे आला. तिचाच विद्यार्थी. शाळेत असताना स्वरलिपीत जिथे थांबा लिहिलेला असेल तिथे हा श्वाससुद्धा रोखून धरायचा. चिगुसानं चहा ठेवला, संत्री पुढे केली. त्यानं फाईल उघडली.

"बाई, भोंग्यांचं यंत्र बदलतंय. नव्या यंत्रात सहा चाली आधीच भरलेल्या आहेत. तुमचं गाणं ठेवायचं तर वेगळं भरून घ्यावं लागेल. तुमचं काय म्हणणं आहे, विचारून यायला सांगितलंय."

आता इसोहामात एक रीत आहे. आपली वस्तू आपण पाडून बोलायची, समोरच्यानं ती उचलून धरायची. उमेनोमावशी उत्तमातला उत्तम सुकवलेला माकूल मासा हातावर ठेवते तेव्हा म्हणते, मांजरही तोंड लावणार नाही असला आहे. घेणाऱ्यानं म्हणायचं, छे, असं कसं! असं तीनदा झालं की वस्तू घ्यायची. चिगुसाचं सगळं आयुष्य या रीतीत गेलेलं. तिच्या काळजात धस्स झालं होतं, पण तोंडाला सवय होती.

"ते रडगाणं?" ती हसून म्हणाली. "अरे, तेहतीस वर्षं लोकांचे कान किटले. आता तरी सोडवा गावाला!"

आणि चहा ओतत ती वाट पाहत राहिली, की हा म्हणेल, असं कसं म्हणता बाई.

"बरं," कुरामोची म्हणाला आणि लिहू लागला.

चिगुसानं कप भरून वाहीपर्यंत ओतला. "म्हणजे बघ ना, हिगाकीच्या कुत्रीलासुद्धा कंटाळा आला असेल."

"किनाकोला? तेही लिहू?"

"नको."

"संबंधित व्यक्तीची हरकत नाही," त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, दोन संत्री खाल्ली, तीनदा वाकून नमस्कार केला आणि गेला. तीनदा करायची एक गोष्ट त्यानं केली, तीही नेमकी नको ती.

उमेनोमावशीनं कुंपणापलीकडून हे ऐकलं तेव्हा तिच्या हातातला माकूल खाली पडला. मावशी एक्याऐंशीची, गायनमंडळात खालच्या पट्टीत गाते आणि बोलते वरच्या पट्टीत.

"अगं मग जा कचेरीत आणि सांग, हवंय म्हणून!"

"असं कसं सांगणार मावशी? स्वतःच्या तोंडानं?"

"मग कुणाच्या? किनाकोच्या?"

"लोक म्हणतील, बाईला अजून गाण्याची खुमखुमी आहे."

"आहे का?"

 चिगुसाला असं सरळ कुणी कधी विचारलं नव्हतं.

चार दिवस विचार करून ती कचेरीत गेली. रस्ताभर तिनं वाक्य पाठ केलं. कुरामोची खिडकीशी उठून उभा राहिला. "बाई! काही काम?"

"नाही, सहजच. ते आपलं... माझ्या त्या रडगाण्याचं..."

"अजिबात काळजी करू नका, बाई! एकतीस मार्चला बंद होतंय. मी स्वतः लक्ष घातलंय."

"छान, छान," चिगुसा म्हणाली. आलोच आहोत तर काहीतरी न्यावं म्हणून ओला कचरा आणि सुका कचरा कधी टाकायचा याचं पत्रक घेऊन ती घरी आली. तसली पत्रकं तिच्याकडे आधीच दोन होती.

एकतीस मार्चला ती हातात टोफू घेऊन खांबाखाली उभी राहिली. पाच वाजले. चाल वाजली, किनाको रडली, तिसऱ्या ओळीत उतरली. चिगुसाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि एक पंचावन्न वर्षांची बाई कुत्रीशेजारी उभी राहून भोंग्यापायी रडते आहे हे दिसल्यावर तिला हसूही आलं. हिगाकीनं टोफूचा आणखी एक तुकडा पिशवीत टाकला.

नवी चाल लागणार असल्याची सूचना गावात घरोघर फिरणाऱ्या पाटीवर अडकवलेली होती. पाटी नेहमीप्रमाणे तिसऱ्याच घरी अडकली होती. त्यामुळे एक एप्रिलला पाच वाजता भोंग्यांतून गोडगोड, टुणटुण अशी एक चाल सुटली तेव्हा गावाला एकच वाटलं: रॉकेलची गाडी आली. शेगड्यांचं रॉकेल विकणारी गाडी हिवाळ्यात अशीच चाल वाजवत यायची, आणि थंडी अजून पुरती गेली नव्हती. उमेनोमावशी लाल डबा घेऊन धावत रस्त्यावर आली. समोरून आणखी सहा बायका डबे घेऊन आल्या. सगळ्या रांगेत उभ्या राहिल्या आणि गाडीची वाट पाहू लागल्या. भात कुणीच लावला नाही. न्हाणीघरातले म्हातारे पाच वाजायची वाट बघत पाण्यात बसले, आणि त्यातल्या एकाला शेवटी उचलून बाहेर काढून पंख्यानं वारा घालावा लागला.

साडेपाचच्या सुमारास रांगेतली एक बाई म्हणाली, "पोरं कुठायत?"

शेजारगावच्या शाळेला सुट्टी होती. गावात उरलेली अकरा पोरं धक्क्याच्या टोकाच्या सपाट खडकावर खेकडे धरत होती. भरती चढायला लागली होती, आणि खडकाकडे जायची वाट सहापर्यंत पाण्याखाली जाणार होती. एरवी त्याची फिकीर कुणी केली नव्हती, कारण पाच वाजता पोरं आपोआप निघायची. बायका डबे तिथेच टाकून धक्क्याकडे पळाल्या. चिगुसाही पळाली.

"पोरांनो, घरी चला!" मावशी ओरडली.

वारा समोरून होता. पोरांनी आनंदानं हात हलवले. एक पोरगी तोंडाशी हात धरून ओरडली, "अजून पाच नाही वाजले! भोंगा कुठे झालाय?"

"अगं वाजले! वाजले!"

"मग भोंगा?"

पोरं पुन्हा खेकड्यांत गुंतली. पाणी वाटेच्या पहिल्या दगडाला लागलं. मावशीनं वळून चिगुसाकडे पाहिलं. 

धक्क्याच्या कडेला बिअरचा एक रिकामा क्रेट पडलेला होता. चिगुसाला तो दिसला आणि मनात आलं, नशिबाची तरी कमाल आहे. ती त्यावर चढली. एकवीस वर्षं चाळीस पोरांच्या गोंगाटावरून ऐकू जाईल असा कमावलेला आवाज तिनं छातीतून काढला आणि गायली.

"पाण्यावरती सांज उतरली,
होड्या आल्या काठाला,
अजून उघडं दार कुणाचं
माझी वाट बघायला?"

'दार'वर ती उतरली. एकेचाळीस वेळा उतरली होती तशीच. लांब कोपऱ्यावरून किनाकोनं सूर लावला, तीही तिथेच उतरली. चिगुसा थांबली नाही, पुन्हा पहिल्यापासून गायली. खडकावरच्या पोरांनी माना वर केल्या, आणि वाद न घालता, खेकड्यांच्या बादल्या उचलून एकामागून एक चालू लागली. शेवटचं पोर धक्क्यावर आलं तेव्हा तिसऱ्यांदा गाणं चालू होतं.

ती मघाची पोरगी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाई, याला शब्द आहेत?"

"आहेत."

"पण मधे एका ठिकाणी तुम्ही किनाकोसारखं गाता. तिच्याकडून शिकलात?"

मागे हिगाकी धापा टाकत उभा होता. तो म्हणाला, "उलटं आहे गं. बाई रोज पाचला माझ्या दुकानासमोर गुणगुणत असतात. कुत्री पिल्लू होती तेव्हापासून ऐकतेय. भोंग्याकडून शिकली असती तर नीट नसती का गायली?"

"मी गुणगुणते?" चिगुसानं विचारलं.

"आठ वर्षं," हिगाकी म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुरामोची फाईल घेऊन हजर झाला. त्याचे कान लाल झाले होते. "बाई, तेरा तक्रारी आल्यात. त्यातल्या सात रॉकेलच्या आहेत. तुमचं गाणं परत लावावं असं ठरतंय. पण तुम्ही तर आधी... म्हणून म्हटलं, पुन्हा विचारावं. तुमची हरकत असेल तर नाही लावणार."

कुंपणापलीकडे मावशीचे हात थांबले.

"छे छे, ते रड..." चिगुसाचं तोंड आपोआप सुरू झालं, आणि तिनं ते मिटलं.  कुरामोची स्वरलिपीतल्या थांब्यासारखा श्वास रोखून बसला.

"मला हवंय," चिगुसा म्हणाली.

"म्हणजे, हरकत नाही असं लिहू?"

"नाही. हवंय असं लिही. नोनोमुराबाईंना ते गाणं हवंय. फार हवंय."

त्यानं लिहिलं आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकताना चिगुसाला घामच फुटला. पण आभाळ कोसळलं नाही, आणि कुंपणापलीकडे मावशी माकूल दोरीवर टाकू लागली.

"पण बाई, हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू तीनदा विचारायला हवं होतंस."

"तीनदा?" त्यानं फाईल उलटीसुलटी करून पाहिली. "कुठे लिहिलंय?"

जुन्या यंत्राची फीत झिजलेली होती. नव्यानं भरायचं ठरलं, आणि पोरांना आता शब्द हवे होते, म्हणून चिगुसानंच गाऊन द्यायचं ठरलं. कचेरीच्या मागच्या खोलीत ती एकदाच गायली. यंत्रावरच्या माणसानं भीत भीत सांगितलं, की मधला एक सूर जरा खाली गेलाय, पण बटण दाबून वर करता येतो. चिगुसा म्हणाली, "राहू द्या. कुत्रीला नव्यानं शिकवत बसायला मला वेळ नाही."

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी पाचला पाच मिनिटं कमी असताना ती टोफू आणायला गेली. भोंगा लागला. गावात कुणीही थांबून ऐकलं नाही. मावशीनं भात लावला, म्हातारे पाण्यातून बाहेर आले, पोरं दप्तरं उचलून घराकडे निघाली. किनाको मात्र गोंधळली. ज्या बाईचा आवाज शेजारून यायचा तो आज खांबावरून येत होता. तिनं वर पाहिलं, चिगुसाकडे पाहिलं आणि तोंड मिटूनच बसली.

"गा की," चिगुसा तिला म्हणाली. कुत्री गाईना. मग भर रस्त्यात, टोफूची पिशवी हातात धरून, चिगुसा नोनोमुरा तोंड उघडून स्वतःच्याच गाण्याबरोबर गाऊ लागली. दुसऱ्या ओळीला किनाकोनं मान वर केली, आणि तिसऱ्या ओळीत तिघंही उतरली.